मिनेर रोवळताना

"बोटाक काय लागता ता सांग."

लोहखनिज धुणाऱ्या प्लांटमध्ये क्लासिफायर नावाच्या मशीनच्या ओव्हरफ्लोच्या, म्हणजे ओसंडणाऱ्या पाण्याच्या, पन्हळीत मनगटापर्यंत हात बुडवून मी उभा होतो. लाल पाणी वाहत होतं, शर्टाची बाही कामातून गेली होती आणि मेस्त, म्हणजे आमचे मिस्त्री, परीक्षकासारखे बघत होते. मी म्हटलं, "चिखल लागतो."

"बरा. आता कानाक लाव."

मला वाटलं, नव्या माणसाची करतात तशी थट्टा चालली आहे. पण मेस्तांनी स्वतःच चिमूटभर गाळ घेतला, अंगठा आणि तर्जनी कानाशी नेऊन चोळली, क्षणभर डोळे मिटले. "करकरता, पण बारीक. फळी बरोबर आसा." एवढं म्हणून ते पुढच्या मशीनकडे चालायला लागले.

मी बीएस्सी केमिस्ट्री करून आलेला. लॅबमध्ये माझ्या ताब्यात पितळी चाळण्यांचा अख्खा संच होता. शंभर मेशची चाळणी म्हणजे दीडशे मायक्रॉन, दोनशेची म्हणजे पंचाहत्तर. नमुना आणायचा, ओल्यातच चाळायचा, भट्टीत वाळवायचा, वजनं करायची. उत्तर हातात यायला दोन-अडीच तास. तोवर मशीनमधून शेकडो टन माल निघून गेलेला असायचा. मेस्तांचं उत्तर कानाशी बोट नेईपर्यंत तयार.

हे २००७ सालचं. पावसाळा संपून मिनांचा हंगाम नुकताच उघडला होता. आमचं गाव बांद्याकडे आणि प्लांट गोव्यात, डिचोली तालुक्यात. दोडामार्गावरून मोटरसायकलने रोजचं येणं-जाणं. गोव्यात खाणीला मीन म्हणतात आणि तिथून निघणाऱ्या मालाला मिनेर. दोन्ही शब्द पोर्तुगीज मागे ठेवून गेले. चीनला तेव्हा लोखंडाची अशी भूक लागली होती की साखळी-पिसुर्ल्याच्या रस्त्यावर टिप्परांची रांग तुटत नसे आणि मांडवीत बार्जमागे बार्ज लागलेली असे. आमच्या कंपनीचं नाव घेत नाही. त्या पट्ट्यात असे प्लांट पुष्कळ होते आणि पाणी सगळीकडे सारखंच वागतं.

गोव्याचं मिनेर ठिसूळ. ढेपा कमी, भुगा जास्त आणि भुग्याला चिकटलेली माती. दहा मिलिमीटरच्या खालच्या मालाला फाइन्स म्हणायचं. आमचा बहुतेक धंदा फाइन्सचाच. खाणीतून आलेल्या मालात लोह पंचावन्न टक्क्यांच्या आसपास असलं, तर धुऊन ते साठाच्या जवळ न्यायचं, हे प्लांटचं काम. धुऊन जायची ती चिकणमाती आणि तिच्याबरोबर तिच्यातला नको असलेला घटक, अ‍ॅल्युमिना. मालात अ‍ॅल्युमिना वाढली की भट्टीतला स्लॅग, म्हणजे वितळलेला मळ, घट्ट होतो, म्हणून गिऱ्हाईक भाव कापतं. हॉपरमध्ये माल पडला की स्क्रबरमध्ये पाण्याबरोबर घुसळायचा, मग हलत्या जाळीवर दहा मिलिमीटरला चाळायचा, वरचा क्रशरला, खालचा पुढे. इथपर्यंत चाळणी चालते. त्याहून बारीक, ओला आणि चिकट माल चाळायला गेलात तर भोकं पाच मिनिटांत बुजतात. तिथून पुढे चाळणीचं काम पाण्याकडे.

आमचा क्लासिफायर म्हणजे एक तिरकी लोखंडी डोण. नऊ मीटर लांब, तिच्यात दीड मीटर व्यासाचं मळसूत्र, म्हणजेच स्पायरल, मिनिटाला चार-पाच फेरे इतक्या संथपणे फिरणारं. डोणीच्या खालच्या टोकाला पाणी साठून डबकं होतं. मिनेर आणि पाण्याचं लाल कालवण, ज्याला आम्ही स्लरी म्हणायचो, त्या डबक्यात येऊन पडतं. जड, जाड कण तळाला बसतात. स्पायरल त्यांना ओढत ओढत वरच्या टोकाला नेऊन पट्ट्यावर टाकतं. बारीक कणांना बसायला वेळ मिळत नाही, ते पाण्याबरोबर खालच्या टोकाच्या फळीवरून ओसंडून जातात. बस, एवढंच मशीन. पहिल्या दिवशी बघितलं तेव्हा हे चालवायला पगार कसला देतात, असा प्रश्न मला पडला होता.

पहिल्या आठवड्यात मी मेस्तांना विचारलं, "म्हणजे हे मशीन मोठे दाणे आणि बारीक दाणे वेगळे करतं, बरोबर?"

"आवशीक तांदूळ रोवळताना बघलंस काय कधी?"

बघितलं होतं. आई पातेल्यात तांदूळ आणि पाणी घेऊन गोल हिसका द्यायची, हलले तांदूळ पाण्याबरोबर दुसऱ्या पातेल्यात सोडायची, पुन्हा पाणी, पुन्हा हिसका. शेवटी तळाला चमचाभर तांदूळ आणि चार खडे राहायचे. खडे तांदळाच्या दाण्याएवढेच असत, कधी लहानही.

"खडो ल्हान आसलो तरी खाली कित्या ऱ्हवता?" मेस्तांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चहाला गेले.

हे समजायला मला हंगाम जवळजवळ अर्धा गेला, आणि समजलं ते लॅबमुळे. ओव्हरफ्लोचा नमुना चाळून मी प्रत्येक चाळणीवरच्या मालातलं लोह वेगवेगळं काढलं. फळीवरून जाणाऱ्या पाण्यात जाड कण होते ते बहुतेक गारगोटीचे आणि हलक्या मातकट दगडाचे, आणि तळाला बसून वर येणाऱ्या मालात त्यांच्याहून बारीक कण होते ते शुद्ध हेमाटाइटचे, म्हणजे खऱ्या लोहखनिजाचे. कारण साधं आहे. हेमाटाइट पाण्याच्या पाच पट जड, गारगोटी अडीच पटीहून थोडी जास्त. बारीक कणांच्या बाबतीत हिशेब मांडला तर पन्नास मायक्रॉनचा हेमाटाइट आणि ऐंशी मायक्रॉनची गारगोटी एकाच वेगाने खाली जातात. पाण्याला दोघं सारखेच. कण केवढा आहे हे पाणी बघतच नाही, तो किती लवकर बुडतो एवढंच बघतं. आम्ही मात्र कागदावर 'साइज क्लासिफिकेशन' लिहायचो आणि आकाराच्या भाषेत एकमेकांशी भांडायचो.

वेगाचाही एक हिशेब मी मग वहीत लिहून ठेवला होता. गारगोटीचा शंभर मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात मीटरभर बुडायला दोनेक मिनिटं घेतो. दहा मायक्रॉनचा तीन तास. आणि दोन मायक्रॉनचा मातीचा कण तीन दिवसांहून जास्त. व्यास निम्मा झाला की वेग चौथाईवर येतो, म्हणून आकडे असे कोसळतात. ते तीन दिवस पुढे माझ्या चांगलेच लक्षात राहणार होते.

आता फळीबद्दल. डबक्याच्या तोंडाशी लाकडी फळ्या एकावर एक सरकवलेल्या असत. एक फळी चढवली की डबकं मोठं आणि शांत होतं, कणांना बसायला जास्त वेळ मिळतो, वरून जाणारं पाणी बारीक होतं. फळी काढली की उलट. हे सोपं. पाण्याचं गणित तसं नव्हतं आणि तिथे मी सपाटून मार खाल्ला. ओव्हरफ्लोमध्ये रेव वाढली की मला वाटायचं, पाणी फार झालं, कमी करा. पाणी कमी केलं की स्लरी घट्ट व्हायची, कणाला कण अडवायचा, घट्ट पिठल्यातून शेंगदाणा बुडत नाही तसे जाड कणसुद्धा तरंगत फळीवरून जायचे आणि रेव आणखी वाढायची. मग घाबरून एकदम भरपूर पाणी सोडायचो. आता स्लरी पातळ, पण लोंढाच इतका की तो बसत्या कणांनाही उचलून नेई. दोन्ही टोकांना नुकसान, मध्ये कुठेतरी एक अरुंद जागा, आणि ती जागा दर टिप्परबरोबर सरकते, कारण खाणीच्या एका बाकावरचं, म्हणजे पायरीवरचं, मिनेर मातकट, दुसऱ्याचं निळसर भुगा.

ती जागा शोधायला आमच्याकडे लिटरचा डबा होता. काठाशी भोकं पाडलेला स्टीलचा डबा. ओव्हरफ्लोत बुडवायचा, जादा स्लरी भोकांतून गळू द्यायची, बरोबर एक लिटर राहिली की तबकडीच्या काट्याला लटकवायचा. काटा तेराशेवर म्हणजे लिटरला तेराशे ग्रॅम, आमच्या मालासाठी वजनाने तीसेक टक्के घन. दर अर्ध्या तासाला मी तो डबा घेऊन पायऱ्या चढायचो. मेस्त पन्हळीत बघून आकडा सांगायचे आणि पाच-दहाच्या फरकाने बरोबर असायचे. पन्हळीतली लाट कशी वळते, त्यावरून. मी पैजा लावल्या आणि चहा पाजले.

मेचा तिसरा आठवडा, २००८. वळवाचे दिवस. रात्री दोनच्या सुमाराला वीज कडाडली आणि अख्खा प्लांट मेला. अंधार, आणि अचानक अशी शांतता की टाकीतून गळणाऱ्या पाण्याचा आवाज येऊ लागला. जनरेटर फक्त थिकनर, म्हणजे गाळ बसवायची मोठी टाकी, आणि दिव्यांपुरता. माझ्या डोक्यात एकच गोष्ट: स्लरीचा पंप. पंप थांबला की पाइपात मिनेर बसतं आणि पाइप चोंदतो, हे महिनाभरापूर्वीच शिकलो होतो. म्हणून मी खाली पंपाचा ड्रेन उघडायला धावलो. वरून मेस्त ओरडत होते, "स्पायरल! स्पायरल उचल! पंप मरांदे रे!"

स्पायरलचं खालचं टोक उचलायला हाताने फिरवायचं चाक असतं. वीज गेली की पहिलं काम ते. कारण स्पायरल थांबलं तरी डबक्यात तरंगणारं सगळं मिनेर बसत राहतं, आणि बसतं ते स्पायरलच्या पात्यांवर, पात्यांमध्ये, पात्यांखाली. मी ड्रेन उघडून वर पोचेपर्यंत दहा-बारा मिनिटं गेली होती. दोघांनी चाकाला जोर लावला. चाक अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं. स्पायरल बसलं होतं.

तासाभराने वीज आली. शिफ्ट इंजिनियरने एकदा मोटर चालू करून बघितली. बघायला नको होती. एक दणका, कपलिंगचे बोल्ट कापले जाण्याचा आवाज, पुन्हा शांतता.

सकाळी सहाला आम्ही पाच जण डोणीत उतरलो. बांधकामावरच्या वाळूचा ढीग मनात आणाल तर चुकाल. लोहखनिजाचा ओला भुगा बसला की त्याची फरशी होते. फावडं मारलं तर टण्ण आवाज येतो आणि मनगटाला झिणझिण्या. त्यातून घमेलं भरून उचलायला गेलो तर उचलेना. वाळूच्या घमेल्याच्या दुप्पट वजन. शेवटी मेस्तांनी अर्ध्या इंची पाइपाला होज जोडला, टोक भुग्यात खुपसून पाणी सोडलं. पाइपाभोवतीची फरशी हळूहळू थरथरली, तिचा रवा झाला, मग खीर झाली. तिथून खोऱ्याने ओढून काढायची, पाइप वीतभर पुढे खुपसायचा. पात्याच्या एकेका वळणामागे तासभर. मे महिना, डोणीच्या पत्र्याला हात लावला तर चटका, कंबरेपर्यंत लाल पाणी. दुपारी तीनला चाक फिरलं. संध्याकाळी पाचला नवे बोल्ट घालून मशीन सुरू झालं. मला कोणी रागावलं नाही. रात्री घरी आईने टॉवेल बघितला आणि तो वेगळा ठेवला. तो शेवटपर्यंत लालच राहिला. पुढे माझ्या शिफ्टला लाइट नुसती लुकलुकली तरी माझे पाय आपोआप चाकाकडे वळायचे.

याच मशीनचं खालचं बेअरिंग हा स्वतंत्र छळ होता. ते कायम पाण्यात, कायम रेतीत. ग्रीसचा पंप जरा उपाशी राहिला की रेव आत. त्याबद्दल एवढंच बस.

क्लासिफायरच्या फळीवरून जे ओसंडत होतं, त्यात अजून बरंच बारीक मिनेर असे. आधी ते सरळ थिकनरला आणि तिथून टेलिंग पाँडमध्ये, म्हणजे टाकाऊ चिखलाच्या तळ्यात, जायचं. भाव वाढले तसं ते वाया घालवणं कंपनीच्या जिवावर यायला लागलं आणि २००९ च्या सुरुवातीला हायड्रोसायक्लोन आले. दहा इंची, सहा, एका गोल टाकीभोवती बसवलेले, उलट्या शंकूसारखे. यात फिरणारा भाग एकही नाही. पंपाने दाबून स्लरी बाजूने आत सोडायची, ती भिंतीला घासून गरगर फिरते, जड कण भिंतीकडे ढकलले जाऊन खालच्या तोंडातून बाहेर, हलकं बारीक मधल्या नळीतून वर. रोवळणंच, पण हिसका हाताचा नाही, पंपाचा, आणि गुरुत्वाकर्षणाच्या कित्येक पट जोराचा. याचं पहिलं पेटंट १८९१ चं आहे असं मशीन लावायला आलेल्या माणसाने सांगितलं तेव्हा मला हसू आलं. आमच्याकडे ते 'नवीन तंत्रज्ञान' म्हणून नारळ फोडून बसवलं होतं.

सायक्लोनचं खालचं तोंड, स्पिगॉट, हे रबराचं. तिथून माल छत्रीसारखा फाकून पडला पाहिजे. छत्रीच्या मधोमध हवेचा पोकळ खांब असतो, तो खालून थेट वरपर्यंत जातो. मेस्तांनी दुसऱ्याच दिवशी छत्रीच्या मधोमध तळहात धरला आणि मलाही धरायला लावला. कडेला रेतीचा मारा, आणि मध्ये हवा वर ओढली जाते, तळहाताला गार लागते. "श्वास घेता बघ," ते म्हणाले.

पाच-सहा आठवड्यांत स्पिगॉट झिजले. मिनेर रबर खातं. भोक मोठं झालं, छत्री रुंद आणि पातळ झाली, माल ओला पडू लागला, त्याच्याबरोबर मातीही येऊ लागली आणि अ‍ॅल्युमिना वर गेली. स्पिगॉट बदलायचे ठरले. स्टोअरमध्ये दोन मापं होती. मी लहान माप निवडलं. माझा तर्क असा की भोक लहान तर माल घट्ट, माल घट्ट तर पाणी कमी, पाणी कमी तर माती कमी.

आणि तसंच झालं. खालून माल पडायला लागला तो दोरासारखा: सरळ, जाड, पिळदार, न फाकता. बघायला इतका सुंदर की मी साहेबांना बोलावून दाखवला. दुपारच्या नमुन्यात अ‍ॅल्युमिना उतरली होती. माझी पाठ थोपटली गेली.

मेस्त दुसऱ्या शिफ्टला आले, दोराखाली तळहात धरला, काढला, आणि म्हणाले, "हेचो दम कोंडलो."

मी त्यांना अ‍ॅल्युमिनाचा कागद दाखवला. त्यांनी कागद बघितला नाही. सायक्लोनच्या वरच्या नळीतून पडणाऱ्या पाण्यात बोट बुडवलं आणि या खेपेला कानाला नाही, दातांना लावलं. सायक्लोनचं पाणी दातांनीच बघायचं, ते कानाच्या आवाक्याच्या खालचं असतं. थोडी कचकच तिथे नेहमीच असे. किती, हे ओळखायचं. थुंकून म्हणाले, "मिनेर वयल्यान जाता."

मला ते पटायला लॅबचा आकडा लागला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. टाकाऊ पाण्यातल्या घन मालात लोह एरवी पंचेचाळीसच्या आसपास असे, ते त्रेपन्न झालं होतं. भोक इतकं लहान की येणारा सगळा जाड माल त्यातून मावत नव्हता; जेवढा मावेल तेवढा दोर होऊन पडत होता आणि उरलेला, चांगला, जड, विकण्याजोगा माल, वरच्या नळीतून चिखलाबरोबर पळत होता. आत हवेचा खांब नव्हता. अ‍ॅल्युमिना कमी दिसली कारण खाली पडत होती ती फक्त जाड निवड.

पण आकडा येण्याआधीच थिकनर बोलला होता. थिकनर ही चोवीस मीटर व्यासाची गोल टाकी. तळाला लांब हातांचा रेक अगदी सावकाश फिरून बसलेला गाळ मधल्या भोकाकडे लोटतो. त्याला सवय मऊ चिखलाची. पहाटे चारला त्याच्या टॉर्कचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि भोंगा वाजला. ज्या मिनेरने वर्षभरापूर्वी स्पायरल बसवलं होतं, तेच आता रेकखाली फरशी घालत होतं. रेक उचलला, फीड बंद, तळाच्या पाइपात पुन्हा तीच अर्ध्या इंची नळी. दीड दिवस प्लांट बंद. मोठं माप बसवून सुरू केला तेव्हा छत्री परत आली. मी जाऊन तळहात धरला. गार.

या वेळी मात्र मला लेखी खुलासा द्यावा लागला. खुलाशात 'दोर' हा शब्द कसा लिहायचा, यावर मी बराच वेळ अडलो होतो.

थिकनरच्या खालून जाणारा चिखल टेलिंग पाँडमध्ये जायचा, आणि इथे ते तीन दिवस येतात. पाँडमध्ये माती निवळायची तर पाणी तीन दिवस स्थिर हवं. उन्हाळ्यात मिळायचं. जूनमध्ये चार-पाच इंच पाऊस एका रात्रीत पडला की पाँड काठोकाठ, आणि जे पाणी बांधावरून खाली जाई ते निवळलेलं नसायचं. खालच्या शेतांत भाताच्या तरव्यावर लाल साय धरायची. पाऊस उघडला, ऊन पडलं की ती साय वाळून तडकायची, तिचे कागदासारखे पापुद्रे निघायचे. बोटांत चोळला तर आवाज नाही. कानाला काही नाही, दातांना काही नाही. आमच्या दोन्ही मशीनांच्या हातून सुटलेली तीच दोन मायक्रॉनची माती. मेस्तांची सासुरवाडी त्याच बाजूला होती. पावसाळ्यात ते तिकडे जायचे टाळत आणि त्याबद्दल बोलत नसत. कंपनी दरवर्षी नुकसानीचे पैसे वाटायची. बांध उंच करण्याची फाइलही दरवर्षी फिरायची. मी खरेदी विभागाला दोनदा लिहिलं. माझं मत तेव्हाही हेच होतं की सायक्लोनला पैसे मिळतात आणि पाँडला मिळत नाहीत, कारण सायक्लोन माल देतो आणि पाँड फक्त शिव्या.

१० सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा बंदीचा आदेश आला. हंगाम उघडायच्या तयारीत आम्ही स्पायरलच्या पात्यांना नवे शू, म्हणजे झिजायच्या पट्ट्या, बसवले होते, बोल्टांना रंगही ताजा. ते शू कधी मिनेराला लागले नाहीत. सहा महिने मी रिकाम्या प्लांटवर हजेरी लावली. पाण्याशिवाय क्लासिफायर फार लहान दिसतो. २०१४ ला बंदी उठली, वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा आली. आमचा प्लांट त्यात बसला नाही. २०१८ ला लीजच रद्द झाल्या तोवर मी तिथे नव्हतो. मेस्त काजूच्या बागेत लागले होते.

मी आता कुडाळच्या बाजूला क्रश सँडच्या प्लांटवर आहे. नदीची वाळू मिळेना, म्हणून काळा दगड फोडून वाळू करायची. मशीन बघून पहिल्या दिवशी ओळख पटली: तीच डोण, तेच स्पायरल, फक्त लहान. इथेही पावडर घालवायची आणि दाणा ठेवायचा. भारतीय मानकाप्रमाणे दगडाच्या वाळूत पंचाहत्तर मायक्रॉनखालची पावडर पंधरा टक्क्यांपर्यंत चालते, आणि मालकांना ती चौदावर हवी असते, बारावर नको. कारण पावडरसुद्धा वजनात विकली जाते. फळी मी लावतो. काळ्या दगडाचा आवाज मिनेरापेक्षा वेगळा, जरा कोरडा, चिरका. कान बसायला पावसाळा गेला. हाताखाली दोन पोरं आहेत. एकजण फोनवर व्हिडिओ बघून सायक्लोन शिकतो आणि मला छत्रीचा कोन अंशांत सांगतो. बरोबर सांगतो.

मालकांनी थिकनर घेतला नाही. महाग पडतो म्हणाले. जेसीबीने तीन खड्डे खणले, एक भरला की दुसरा. गणपतीपर्यंत तिन्ही भरले. वरून बघितलं तर पाणी नितळ, आभाळ दिसतं. खाली राखाडी दही. जेसीबीने उपसून टिप्परमध्ये भरलं, पण चढावर ते मागच्या फाळक्यातून घसरून रस्त्यावर येतं, म्हणून ड्रायव्हर नेत नाहीत. वीटभट्टीवाला एकदा येऊन मूठभर घेऊन गेला, परत आला नाही. सध्या कुंपणाच्या आतल्या बाजूला पसरून ठेवलंय. कुंपणापलीकडे एका म्हातारीची नाचणी आहे. मी मालकांना म्हटलंय, जूनच्या आत निदान बांध तरी घाला.